मुंबई सिटीचे ४६ गुण मोठे की मोहन बागानचे ५६?

आपण विचारले आहे की, सध्या फिरत असलेल्या एका तक्त्यात इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेतील सर्वोत्तम हंगाम म्हणून मोहन बागान सुपर जायंटचे २०२४-२५ मधील ५६ गुण सर्वांत वर दाखवले आहेत आणि मुंबई सिटीचे २०२२-२३ मधील ४६ गुण बरेच खाली आहेत. तेव्हा मुंबईचा तो हंगाम आपण समजत होतो तितका मोठा नव्हता, असे मानावे का? त्याला जोडून आपण सुनील छेत्री आणि बार्थोलोम्यू ओगबेचे या आघाडीच्या खेळाडूंच्या गोलांची तुलना कशी करावी, हेही विचारले आहे. मी २०१४ पासून, म्हणजे ही लीग सुरू झाल्यापासून, तिच्या नोंदी वहीत ठेवत आलो आहे, त्यामुळे दोन्ही प्रश्नांना थोडे सविस्तर उत्तर देतो.

त्या तक्त्यातील एकही आकडा चुकीचा नाही. त्यात एक रकाना मात्र कमी आहे, तो म्हणजे खेळलेल्या सामन्यांचा. या लीगमध्ये साखळी सामन्यांची संख्या वारंवार बदलत गेली आहे. पहिल्या तीन हंगामांत ८ संघ होते आणि प्रत्येकाला १४ साखळी सामने मिळत. २०१७-१८ मध्ये संघ १० झाले आणि सामने १८ झाले. २०२०-२१ मध्ये ११ संघांमुळे २०, २०२३-२४ मध्ये १२ संघांमुळे २२ आणि २०२४-२५ मध्ये १३ संघांमुळे २४ सामने झाले. म्हणजे मुंबईने ४६ गुण २० सामन्यांत मिळवले आणि मोहन बागानने ५६ गुण २४ सामन्यांत. नुसत्या बेरजेची तुलना केली तर ज्याला जास्त सामने खेळायला मिळाले तोच पुढे दिसणार, आणि लीग जसजशी वाढत जाईल तसतसा जुना प्रत्येक हंगाम आपोआप लहान ठरत जाईल.

म्हणून प्रतिसामना गुण काढावे लागतात. एफसी गोवाने २०१९-२० मध्ये पहिली लीग विनर्स शील्ड (साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाला मिळणारी ढाल) १८ सामन्यांत ३९ गुणांसह जिंकली, म्हणजे प्रतिसामना २.१७. मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये ती ४० गुणांवर, म्हणजे २.०० च्या सरासरीने जिंकली. त्या वर्षी एटीके मोहन बागानचेही (हे मोहन बागानचे तेव्हाचे नाव) ४० गुणच होते, आणि मुंबईने त्यांना साखळीतील दोन्ही सामन्यांत हरवलेले असल्यामुळे शील्ड मुंबईकडे आली. जमशेदपूरची २०२१-२२ मधील सरासरी २० सामन्यांत ४३ गुणांची, म्हणजे २.१५, मोहन बागानची २०२३-२४ मधील २२ सामन्यांत ४८ गुणांची, म्हणजे २.१८. आता आपल्या प्रश्नातील दोन हंगाम पाहा: मुंबईची २०२२-२३ ची सरासरी २.३० आणि मोहन बागानची २०२४-२५ ची २.३३. तक्त्यात १० गुणांचे दिसणारे अंतर प्रत्यक्षात प्रतिसामना ०.०३ गुणांचे आहे. मी मुंबईचा पाठीराखा आहे, तरीही हे ०.०३ मोहन बागानचे आहेत आणि ते त्यांच्या नावावरच राहिले पाहिजेत, असे माझे मत आहे.

मात्र हंगाम कसा गेला हे सरासरीतून पूर्ण कळत नाही, आणि इथे जरा थांबून पाहण्यासारखे बरेच आहे. प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांच्या मुंबई संघाने पहिल्या १८ सामन्यांत १४ विजय आणि ४ बरोबरी अशी वाटचाल केली, एकही सामना गमावला नाही, आणि ११ फेब्रुवारी २०२३ रोजी गोव्यातील फातोर्ड्याला एफसी गोवाविरुद्ध ५-३ असा विजय मिळवून शील्ड निश्चित केली. त्या दिवशी संघाचे ४६ गुण झाले होते आणि सरासरी २.५६ होती. त्यानंतरचे दोन्ही सामने, बेंगळुरूविरुद्ध १-२ आणि अंधेरीत ईस्ट बंगालविरुद्ध ०-१, मुंबईने गमावले, त्यामुळे ४६ चा आकडा तिथेच गोठला. मोहन बागानची शील्ड २३ फेब्रुवारी २०२५ रोजी, ओदिशाविरुद्धच्या १-० विजयाने, २२ व्या सामन्यात निश्चित झाली. त्या वेळी त्यांचे ५२ गुण होते आणि सरासरी २.३६ होती. पुढे अंधेरीत मुंबईविरुद्ध २-२ अशी बरोबरी झाली आणि गोव्याविरुद्ध विजय मिळून त्यांचे ५६ गुण पूर्ण झाले. शील्ड हाती आल्यानंतरचे सामने वगळून मुंबईला पुढे ठेवावे, असे आपल्यापैकी काही जण म्हणतात. मला ते पटत नाही, कारण त्या सामन्यांचेही गुण दिले गेले, त्यात समोरच्या संघांनी जीव तोडून खेळ केला आणि गुणतक्त्याने ते मोजले. शील्ड निश्चित झाली त्या दिवसाची सरासरी ही वेगळी नोंद आहे. ती वेगळी लिहावी, पण अंतिम नोंदीच्या जागी बसवू नये.

गोलांच्या रकान्यात चित्र बदलते. मुंबईने त्या हंगामाच्या साखळीत ५४ गोल केले आणि २१ स्वीकारले. मोहन बागानने ४७ केले आणि १६ स्वीकारले. प्रतिसामना गोल काढले तर मुंबईचे २.७० आणि मोहन बागानचे १.९६ येतात, गोव्याचा २०१९-२० चा संघ, ज्याच्या आक्रमणाचे आजही कौतुक होते, तोसुद्धा १८ सामन्यांत ४६ गोलांसह २.५६ वरच थांबतो. स्वीकारलेल्या गोलांत मात्र मोहन बागान फार पुढे आहे: मुंबईचे प्रतिसामना १.०५, त्यांचे ०.६७. एक संघ गोल करून जिंकत होता आणि दुसरा गोल होऊ न देऊन, तरी गुणांची सरासरी जवळपास एकाच ठिकाणी आली. त्या तक्त्यात ही गोष्ट दिसत नाही, याची मला सर्वांत जास्त खंत वाटते.

प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा हा मुद्दाही कोणीतरी काढेल, म्हणून आधीच सांगतो. मोहन बागानच्या हंगामात मोहमेडन स्पोर्टिंगसारखा आय-लीग या देशातील दुसऱ्या लीगमधून नुकताच वर आलेला संघ होता हे खरे. पण मुंबईच्या हंगामात नॉर्थईस्ट युनायटेडने २० सामन्यांत एकच विजय मिळवून अवघे ५ गुण कमावले होते. तळाचे संघ दोन्हीकडे होते.

यापुढची अडचण अशी की या लीगमध्ये साखळी आणि बाद फेरी यांची नोंद कधी एकत्र, तर कधी स्वतंत्र दिली जाते. २०२२-२३ च्या उपांत्य फेरीत ७ मार्च २०२३ रोजी अंधेरीत बेंगळुरूने छेत्रीच्या गोलावर १-० असा विजय मिळवला. १२ मार्चला बेंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर मुंबईने २-१ असा विजय मिळवला, दोन लढतींची बेरीज समान झाली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये मुंबई ८-९ अशी हरली. त्या रात्री मुंबई स्पर्धेबाहेर गेली, पण नोंदीत तो सामना मुंबईचा २-१ असा विजयच आहे, आणि शूटआउटमध्ये मारलेल्या पेनल्टी कोणाच्याही गोलसंख्येत धरल्या जात नाहीत. त्यामुळे मुंबईच्या त्या हंगामाची नोंद साखळीपुरती १४ विजय, ४ बरोबरी, २ पराभव आणि ५४ गोल अशी आहे, तर बाद फेरीसह १५ विजय, ४ बरोबरी, ३ पराभव आणि ५६ गोल अशी. दोन्ही बरोबर आहेत. कोणती नोंद लिहिली आहे हे न सांगणे, एवढीच चूक त्यात होऊ शकते.

विजेतेपदाबाबतही हेच लक्षात ठेवावे. या हंगामांत शील्ड साखळीतील पहिल्या क्रमांकासाठी असे आणि चषक बाद फेरीतील विजेत्याला मिळत असे. २०२०-२१ मध्ये एकाच हंगामात दोन्ही जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला संघ ठरला. १३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात बिपिन सिंगने ९० व्या मिनिटाला केलेला गोल आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. २०२२-२३ मध्ये मुंबईकडे फक्त शील्ड आली, २०२३-२४ मध्ये शील्ड एका गुणाने हुकली आणि चषक मिळाला. मोहन बागानने २०२४-२५ मध्ये दोन्ही जिंकली. गुणांच्या सरासरीपेक्षा ही दुहेरी कामगिरी आपण जास्त वजनाची मानत असाल, तर निर्णय स्पष्टपणे मोहन बागानकडे जातो.

आता छेत्री आणि ओगबेचे यांच्याकडे वळतो. ओगबेचेचे या लीगमध्ये ६३ गोल आहेत आणि ते पाच हंगामांत झाले: नॉर्थईस्टसाठी १२, केरळ ब्लास्टर्ससाठी १५, मुंबईसाठी ८ आणि हैदराबादसाठी १८ व १०. छेत्रीने २०२४-२५ मध्ये, म्हणजे आपल्या दहाव्या हंगामात, ही संख्या ओलांडली. फक्त गोल करण्याचा वेग पाहिला तर ओगबेचे पुढे आहे, यात शंका नाही. पण छेत्रीचे २०१५ आणि २०१६ चे हंगाम, जे त्याने आपल्या मुंबईकडून खेळले, जेमतेम अडीच महिन्यांचे होते. वर्षाचा उरलेला काळ तो बेंगळुरूकडून आय-लीग खेळत होता आणि तिथले गोल या यादीत येत नाहीत. या लीगमधील भारतीय खेळाडूची पहिली हॅट्ट्रिक त्याने ऑक्टोबर २०१५ मध्ये मुंबईसाठी नॉर्थईस्टविरुद्ध केली होती. दुसऱ्या बाजूला, ओगबेचेचा मुंबईतील हंगाम आणि हैदराबादकडून १८ गोलांचा हंगाम, हे दोन्ही कोविडच्या साथीच्या काळात संपूर्णपणे गोव्यात खेळले गेले, जिथे प्रवास नव्हता आणि साखळी सामन्यांना प्रेक्षक नव्हते. त्या दोन हंगामांतील ‘घरचे मैदान’ आणि ‘बाहेरचे मैदान’ असे आकडे मी माझ्या वहीत कंसात लिहिले आहेत, कारण गोव्यातल्या बांबोळीला मुंबईचे घर म्हणणे केवळ कागदावर शक्य होते.

गोल करणाऱ्यांची तुलना करताना सामन्यांपेक्षा मिनिटांचा रकाना अधिक उपयोगी पडतो. २०२०-२१ मध्ये इगोर अँग्युलो आणि रॉय कृष्णा या दोघांचे १४-१४ गोल होते. गोल्डन बूट, म्हणजे सर्वाधिक गोलांचा पुरस्कार, अँग्युलोला मिळाला, कारण तो कमी मिनिटे खेळला होता. बदली खेळाडू म्हणून शेवटची दहा मिनिटे उतरलेल्याचा सामना आणि पूर्ण ९० मिनिटे खेळलेल्याचा सामना एकसारखा मोजला की सरासरी फसवी होते. इंग्लंडमध्येही सामन्यांची संख्या हाच घोळ घालते: अँड्र्यू कोल (१९९३-९४) आणि अ‍ॅलन शिअरर (१९९४-९५) यांचे प्रत्येकी ३४ गोल ४२ सामन्यांच्या हंगामांतील होते, तर एर्लिंग हालांडचे २०२२-२३ मधील ३६ गोल ३८ सामन्यांच्या हंगामातील आहेत.

आणखी एक मुद्दा आपण विचारलेला नाही, पण मुंबईकर म्हणून तो मला सांगितलाच पाहिजे. ‘सर्वकालीन’ हा शब्द २०१४ पासून सुरू होत नाही. राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६-९७ मध्ये सुरू झाली, २००७ पासून तिच्या जागी आय-लीग आली, आणि मुंबईला देशाचे पहिले लीग विजेतेपद मुंबई सिटीने मिळवून दिलेले नाही. ते महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये मिळवले. तो संघ २०१० मध्ये बंद झाला आणि त्याच्या नोंदी सांभाळणारे कोणी उरले नाही. एका हंगामातील गोलांचेही तसेच आहे. नॉर्थईस्टच्या अलाएद्दीन अजारायीने २०२४-२५ मध्ये केलेले २३ गोल हा इंडियन सुपर लीगचा त्या वेळचा विक्रम होता, परंतु रँटी मार्टिन्सने आय-लीगच्या २०११-१२ च्या हंगामात ३२ गोल केले होते. पुणे सिटीचेही उदाहरण घ्या: ऑक्टोबर २०१४ मध्ये मुंबईने त्यांना ५-० असे हरवले, आंद्रे मॉरित्झने या लीगमधील पहिली हॅट्ट्रिक केली. मी दादरहून कुर्ल्याला गाडी बदलून नेरूळला तो सामना पाहायला गेलो होतो. २०१९ मध्ये पुण्याचा संघ संपला आणि महाराष्ट्राच्या त्या लढतीची आकडेवारी आता कोणत्याही चालू संघाच्या पानावर सापडत नाही.

आपण तो तक्ता नव्याने करणार असाल, तर प्रत्येक ओळीत हंगाम, साखळी सामने, गुण, प्रतिसामना गुण, केलेले आणि स्वीकारलेले गोल असे रकाने ठेवा, बाद फेरीसाठी वेगळी ओळ घ्या आणि गोव्यातील दोन हंगामांवर खूण करा. पहिल्या तीन हंगामांतील मुंबईच्या प्रत्येक सामन्याची माझ्या वहीतील पाने मी आपल्याला छायाचित्रे काढून पाठवीन. त्यात नोव्हेंबर २०१५ मधील फातोर्ड्याचा ०-७ हा पराभवही गोल करणाऱ्यांच्या नावांसह आहे, आणि तोही तक्त्यात घ्यावा अशी माझी विनंती आहे.