मिश्र पांढरी वाइन म्हणजे उरल्यासुरल्याची भेसळ असते का?

नाही हो. उसळ उरली म्हणून मिसळ होते का? फ्रान्समधल्या अल्सास भागातली 'जाँती' ही मिश्र पांढरी वाइन घ्या. तिथे रिकवीर गावात ह्यूगेल घराणं 1639 पासून वाइन करतंय आणि त्यांची जाँती प्रसिद्ध आहे. नियम असा, की निम्मी तरी वाइन रिस्लिंग, मुस्कात, पिनो ग्री, गेवुर्त्सट्रामिनर या वरच्या मानाच्या द्राक्षांची हवी. बाकी सिल्वानेर वगैरे साधी चालतात. शिवाय प्रत्येक द्राक्षाची वाइन वेगळी आंबवायची, मगच एकत्र करायची. खरं कसब इथेच. रिस्लिंगचा आंबटपणा कणा देतो, गेवुर्त्सट्रामिनर गुलाब-लिचीचा वास. तो किंचित जास्त झाला की अत्तराची बाटली उघडल्यासारखं वाटतं. त्याच भागातल्या 'एडेलत्स्विकर' या दुसऱ्या मिश्र वाइनला मात्र असलं प्रमाणाचं बंधन नाही, त्यामुळे तुमची शंका अगदीच चुकीची नाही.

आमच्या नौपाड्याच्या घरी जाँतीची उंच, सडपातळ बाटली फ्रिजच्या दारात मावली नाही, दह्याच्या पातेल्याशेजारी आडवी झोपवली. कुरकुरीत बोंबलांबरोबर झकास लागली. सुरमईच्या झणझणीत कालवणापुढे मात्र बिचारी गप्पच बसली. आणि बर्फ घालू नका, प्लीज.