शेवटच्या घरापासून

बाय,

परवा रात्री फोनवर तू विचारलंस, "नुकसानीच्या पंचनाम्यात त्या म्हातारीचं घर 'घर' लिहू की 'झोपडी'?" मी रेंज नसल्याचं सांगून फोन ठेवला. रेंज होती. उत्तर देताना मला माझाच एक जुना पंचनामा आठवला, म्हणून ठेवला.

आधी तुझं काम. 2022 पासूनच्या मदतीच्या निकषांत पूर्ण कोसळलेल्या घराला सपाटीवर 1 लाख 20 हजार, पक्कं असो वा कच्चं. झोपडीला 8 हजार. तुझ्या एका शब्दाची ही किंमत. झोपडीच्या व्याख्येत गवत, माती, प्लास्टिक अशी नावं आहेत, आणि 'माती' वाचलं की आपले लोक तिथेच पेन टेकवतात. त्याच ओळीत 'तात्पुरती' आणि 'कच्च्या घराहूनही हलकी' असं लिहिलंय, ते कोण वाचणार? कौलं आहेत, पुढं सोपो म्हणजे ओसरी आहे, अंगणात तुळस आहे, तीन पिढ्या तिथं जेवल्यात. ते घर आहे. घर लिही.

आता तू म्हणशील, बांधकाम अधिकृत असल्याचा दाखला लागतो आणि म्हातारी मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारी. जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची. मुंडकारांना संरक्षण देणारा गोव्याचा कायदा 1975 चा, तिची केस अजून तारखा घेतेय. तर घरपट्टीची पावती शोध, विजेचं बिल शोध, पंचायतीच्या पंचाला सोबत घेऊन जबाब घे. बंगलेवाल्याचा दाखला तो स्वतः घेऊन तुझ्या टेबलापाशी येतो. हिचा कागद तुलाच उभा करावा लागेल. हा पक्षपात वाटतो तुला? आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम 61 काढून वाच. मदत देताना लिंग, जात, समाज, वंश, धर्म यांवरून भेदभाव नको, असं आहे. गरिबी त्या यादीत नाही. म्हणून गरिबाला कोणी मुद्दाम वगळत नाही, तो आपोआप गळतो.

आणि पंचनामा शेवटच्या घरापासून सुरू कर. हे मी तुला तू नोकरीला लागलीस तेव्हा सांगितलं होतं, तू हसली होतीस.

2 ऑक्टोबर 2009. काणकोणात काही तासांच्या पावसानं डोंगर खाली आणला. मी जीप थांबली तिथून सुरुवात केली, म्हणजे रस्त्यालगतच्या दुकानांपासून. दुकानदारांनी चिखलाला हात लावला नव्हता, फोटो काढून ठेवले होते, विम्याचे कागद तयार होते. मी मन लावून लिहिलं. व्हाळापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या वाड्यावर पोचलो चौथ्या दिवशी. तिथल्या एका बाईनं घर लख्ख धुतलं होतं, जमीन शेणानं सारवली होती. पोरांना निजवायला दुसरी जागाच नव्हती, चिखल राखून काय करणार? भिंत तेव्हा उभी होती. मी लिहिलं, 'नुकसान दिसून आले नाही.' मातीची भिंत पुरात पडत नाही गं नेहमी, ऊन लागून वाळू लागली की पडते. ती पुढच्या आठवड्यात पडली.

ओढ्यावरचा साकव वाहून गेला होता, आम्ही मोजकीच माणसं होतो, वरून रोज आकडे मागत होते. हे सगळं खरं आहे आणि मी ते आजवर पुष्कळांना ऐकवलंय. पण पहिल्या दिवशी गमबूट घालून डोंगराकडून फेरा मारून जाता आलं असतं. दोन तास लागले असते.

23 जुलै 2021 ला म्हादई नदीनं सत्तरी तालुक्यात घरं पाडली तेव्हा मी निवृत्त होतो. 1982 नंतरचा सर्वांत मोठा पूर म्हणत होते. मदतीचे टेंपो आले, तेही डांबर संपलं तिथंच रिकामे झाले. तांदूळ, चादरी, पुन्हा तांदूळ. मी एका पोराला म्हटलं, शेवटच्या घरापासून वाट. तो म्हणाला, "काका, गाडी जात नाही." माझंच वाक्य.

तेव्हा 'सगळ्यांना सारखं' हे मला सांगू नकोस. रस्त्यापासून सुरू केलेलं सारखं नसतं. तुझे साहेब यादी आजच मागतील, दे अर्धी. पण ती अर्धी शेवटच्या घराकडची असू दे. रागावतील. मी रागावून घेतलं नाही कधी, त्यानं माझी बढती वेळेवर झाली, एवढंच.

उद्या जाशील तेव्हा टेप घेऊन जा. मागच्या बाजूनं, चुलीकडून मोज. थोडी पडझड म्हणून लिहायची वेळ आली तर निदान 15 टक्के भरावी लागते, आणि ती पुढच्या भिंतीवर दिसणार नाही. सारवलेलं असेल तर फसू नकोस. त्या काणकोणच्या घरात भिंतीवर लग्नाचा फोटो टांगलेला होता, काचेच्या आत गुडघ्यापर्यंत चिखलाची रेघ. मी ती पाहिली होती. म्हातारीकडे असा काही फोटो असेल तर तिला विचारून खाली काढ, आणि मागची भिंत हातानं चाचपून बघ.

तुझा काका