ऑनलाइन चर्चेचा दर्जा सुधारायचा कसा?

आमच्या भागाच्या ग्रुपवर कुठलाही विषय निघाला की दहा मेसेजांत भांडण लागतं, उपाय सांगा, असं तुम्ही विचारलंय. मी सोलापूरचा, आमच्याकडच्या पाण्यावरनं सांगतो.

उन्हाळ्यात आमचं उजनी धरण उण्यात गेलं, म्हणजे त्याची टक्केवारी शून्याखाली गेली, की एक जण लिहितो, "धरणात पाणीच नाही." दुसरा लगेच आकडा टाकतो, "४७ टीएमसी आहे, खोटं बोलू नका." (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी.) पुढं ऊस, पुणं, पक्ष, जात, सगळं निघतं. खरं म्हणजे दोघंही बरोबर असतात. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, त्यातला तळाचा ६३ टीएमसीहून थोडा जास्त भाग मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्यात न धरलेलं पाणी. टक्केवारी काढतात ती वरच्या साधारण ५३ टीएमसी उपयुक्त साठ्याची. त्यामुळं धरण उणे ३० टक्के असलं तरी आत ४७ टीएमसी असतंच. "तुमचा आकडा एकूण साठ्याचा की उपयुक्त?" एवढं कुणी विचारलं असतं तर भांडण तिथंच मिटलं असतं. माझ्या पाहण्यात निम्म्याहून जास्त वाद असेच असतात, दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर बोलत असतात.

म्हणून उत्तर द्यायच्या आधी समोरच्याला काय म्हणायचंय ते विचारून घ्या. आणि स्वतः लिहिताना हे मी पाहिलंय, वाचलंय की मला नुसतं वाटतंय, ते सांगा. "महापालिका झोपलीय" यावर शिव्यांशिवाय काय येणार? पण "आमच्या बोळात पहाटे चारला पाणी आलं, पाऊण तासात गेलं, पहिल्या दोन घागरी गढूळ" असं कुणी लिहिलं की शेजारची बोळंही आपापली वेळ सांगतात. पाणी कुठं कमी दाबानं येतंय ते मग आपोआप कळतं, अर्जातही लिहिता येतं.

फॉरवर्डबद्दल फार बोलत नाही. तो का पाठवला ते दोन ओळींत लिहायला लावा, बरेचसे आपोआप थांबतात.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. आमच्याकडं पूर्व भागात कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. अशा माणसानं काही लिहिलं की कुणीतरी ऱ्हस्व-दीर्घ काढत बसतं. तो माणूस पुन्हा लिहीत नाही. यंत्रमागावर उभं आयुष्य गेलेल्या माणसाला चादरीच्या धंद्याचं जे ठाऊक असतं, ते आपल्याला कोण सांगणार मग? त्यांना बोलून पाठवू द्या, व्हॉइस मेसेज चालतो म्हणून सांगा. मजकुराला उत्तर द्या, शुद्धलेखन राहू द्या.

तुम्ही ॲडमिन असाल तर चिडलेल्या माणसाला चारचौघांत दटावू नका, काढूनही टाकू नका. थेट फोन करा, "काय झालं ओ?" म्हणून विचारा. बहुतेकदा त्याच्या घरी खरंच चार दिवस पाणी आलेलं नसतं.