लहान जहाजाने अंटार्क्टिकाला जायचंय, चार कंपन्यांमधून कोणती निवडावी?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघं नवरा-बायको, वय ६१ आणि ५७, पुढच्या हंगामात लहान जहाजाने अंटार्क्टिकाला जायचं म्हणताय. चार कोटेशनं हातात आहेत, एजंट म्हणतो ‘सगळ्या सारख्याच, स्वस्त पडेल ती घ्या’, आणि वहिनींना कसारा घाटातसुद्धा मळमळतं. मी नाशिकरोडची. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर थोरल्या बहिणीबरोबर ही सफर केली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्या सारख्या मुळीच नाहीत. चारही कोटेशनं समोर ठेवा आणि आधी एकच आकडा शोधा: जहाजावर प्रवासी किती. केबिनचे फोटो, जेवणाचा मेनू हे सगळं नंतर.

कारण असं. तिकडे जाणाऱ्या बहुतेक कंपन्या आयाटो या संघटनेच्या सदस्य आहेत. १९९१ मध्ये सात कंपन्यांनी मिळून ती काढली. तिचा नियम आहे की एका ठिकाणी एका वेळी जास्तीत जास्त १०० प्रवासी उतरवायचे, आणि दर २० जणांमागे निदान एक गाईड हवा. ज्या जहाजावर ५०० पेक्षा जास्त प्रवासी असतील, त्याला कुणालाच उतरवता येत नाही. आता हिशोब करा. जहाजावर ११०-११५ माणसं असतील तर जवळजवळ सगळे एकदम उतरतात आणि अडीच-तीन तास किनाऱ्यावर राहतात. २०० असतील तर दोन तुकड्या: निम्मे खाली, निम्मे रबरी बोटीतून फिरतात, मग अदलाबदल. तेही वाईट नाही, बोटीतून हिमनग आणि सील जवळून दिसतात. पण ४०० असतील तर चार तुकड्या, आणि तुमच्या वाट्याला पाऊण-एक तास.

अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआया बंदरातून निघून परत तिथेच येणाऱ्या दहा-अकरा दिवसांच्या सफरीत जाता-येता दोन-दोन दिवस ड्रेक पॅसेजमध्ये, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या खवळलेल्या समुद्रात जातात. प्रत्यक्ष अंटार्क्टिकात मिळतात चार ते पाच दिवस, दिवसाला फार तर दोन लँडिंग (किनाऱ्यावर उतरणं), आणि त्यातली एक-दोन वारा खाऊन टाकतो. समजा आठ मिळाली. एका जहाजावर त्याचे वीस तास होतात, दुसऱ्यावर आठ. कोटेशनच्या रकमेला या तासांनी भागून बघा. ‘स्वस्त’ जहाज पुष्कळदा महाग निघतं. पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर पाय ठेवणं आणि एरवी एखाद्या मंगळवारी पहाटे तिथे निवांत बसणं यात जो फरक आहे, तोच इथे आहे.

हे मी पैसे घालवून शिकले. आमचं पहिलं बुकिंग एका एजंटने करून दिलं होतं. ‘अंटार्क्टिका क्रूझ, १४ दिवस’, किंमत इतरांच्या निम्मी. डिपॉझिट भरलं, नातेवाइकांना सांगून झालं. मग एका रात्री बहीण कार्यक्रमपत्रिका वाचत बसली आणि तिने विचारलं, “अगं, यात उतरायचं कुठे लिहिलंच नाहीये.” खरंच नव्हतं. रोज फक्त ‘सीनिक क्रूझिंग’. दोन हजारांवर प्रवाशांचं जहाज होतं ते, खाडीत शिरून डेकवरून बर्फ दाखवून परत फिरणारं. बुकिंग रद्द केलं, डिपॉझिट निम्मंच परत आलं. मला ते फार लागलं होतं. तेव्हा प्रत्येक कोटेशनमध्ये ‘लँडिंग’ हा शब्द आहे का, आणि दिवसाला किती वेळा, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

दुसरी गोष्ट गाईडांची. कंपनीला ईमेल करून विचारा: आमच्या सफरीवर गाईड किती, त्यात भूगर्भाचा, पक्ष्यांचा, बर्फाचा जाणकार कोण, आणि मुख्य गाईडचे तिकडे किती हंगाम झालेत. चांगली कंपनी आठ-दहा प्रवाशांमागे एक गाईड नेते आणि विचारलं की सांगतेही. गुळमुळीत उत्तर आलं तर ते नाव खाली ढकला.

गाईड किती मोलाचे असतात ते मला ड्रेकमधल्या दुसऱ्या दिवशी कळलं. किनाऱ्यावर न्यायचं सगळं सामान त्या दिवशी तपासतात. जॅकेटचे खिसे, काठ्यांची टोकं, कॅमेऱ्याची बॅग, सगळं व्हॅक्युमने साफ करतात. माझ्या सॅकच्या वेल्क्रोपाशी एक तरुण गाईड थांबली. चिमट्याने तिने हळूच काहीतरी ओढून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. कुसळ होतं. दिवाळीत आम्ही नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्यावर गेलो होतो, तिथल्या कुसळी गवताचं. सॅक मी घरी झटकली होती, तरी ते चिकटून आलं होतं. या कुसळाला पीळ असतो. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो, आणि असं फिरत फिरत ते बी जमिनीत रुजवतं. हे मी वर्गात सांगितलेलं. तिने ते भिंगाखाली बघितलं, गवताचं नाव विचारून घेतलं आणि पिशवीत बंद केलं. अंटार्क्टिकात मूळच्या फुलणाऱ्या वनस्पतींच्या जाती फक्त दोन आहेत, एक गवत आणि एक जमिनीलगत गादीसारखं वाढणारं पर्लवर्ट. अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर बाहेरून आलेलं एक गवत माणसांच्या वावरामुळे रुजलंही आहे. आपल्याकडचं कुसळ त्या थंडीत कदाचित जगलं नसतं, पण तिने ‘कदाचित’वर सोडलं नाही. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ दुसऱ्या एका जहाजाने गेले होते, तिथे एका कागदावर सह्या घेऊन तपासणी संपली. तुम्ही विचाराच: सामान कसं तपासता?

हल्ली हे आणखी गरजेचं झालंय. बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू ऑक्टोबर २०२३ मध्ये साउथ जॉर्जिया बेटावर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर सापडला. त्यामुळे किनाऱ्यावर खाली बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, बॅग जमिनीवर ठेवायची नाही. चढता-उतरताना दर वेळी बूट जंतुनाशकात बुडवायचे. पेंग्विनपासून पाच मीटर दूर राहायचं, आणि तो आपल्या वाटेत आला तर आपण थांबायचं. जी कंपनी हे सगळं न कंटाळता पाळायला लावते तिच्याबरोबर जा.

आता कंपन्यांच्या आणि जहाजांच्या नावांबद्दल. नेदरलँड्सच्या ओशनवाइडची प्लॅन्शियस आणि ऑर्टेलियस ही जहाजं साधारण १०८ प्रवाशांची आहेत. प्लॅन्शियस तर मुळात डच नौदलाचं संशोधन जहाज, १९७६ चं. दिमाख नाही, पण किनाऱ्यावर भरपूर वेळ. पोसायडनचं सी स्पिरिट साधारण तेवढंच, ११४ च्या आसपास. ऑस्ट्रेलियाची ऑरोरा १९९१ मध्ये गिर्यारोहक ग्रेग मॉर्टिमर यांनी काढली. १९८४ मध्ये ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्ट चढलेले ते हेच. त्यांच्या नावाच्या जहाजाचं नाक उलटं, आत झुकलेलं आहे. त्याला एक्स-बो म्हणतात. लाटेवर आपटण्याऐवजी ते लाट कापत जातं. लिंडब्लाडच्या नॅशनल जिओग्राफिक एन्ड्युरन्सचंही तसंच. लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी १९६६ मध्येच पर्यटकांना अंटार्क्टिकाला नेलं होतं, तेव्हा या घराण्याचा अनुभव जुना आहे आणि दरही तसे वरचे आहेत. क्वार्कचं अल्ट्रामरीन १९९ प्रवाशांचं, त्यावर दोन हेलिकॉप्टर आहेत. पोनॉंचं ल कोमांदां शार्को जाड बर्फ फोडत आत जाऊ शकतं, पण ती ऐषाराम आणि खर्च दोन्ही बाबतींत वेगळीच गोष्ट आहे. पहिल्या सफरीसाठी मी तरी शंभर-सव्वाशे प्रवाशांचं, साध्या केबिनचं जहाज घेईन आणि वाचलेल्या पैशांत दोन दिवस जास्त लांबीची सफर निवडेन. केबिनमध्ये झोपण्यापलीकडे आम्ही थांबलोच नाही.

सुरक्षिततेबद्दल घरचे विचारतील. २३ नोव्हेंबर २००७ ला एक्सप्लोरर नावाचं असंच लहान जहाज बर्फावर आपटून साउथ शेटलंड बेटांजवळ बुडालं. १५४ जण उघड्या लाइफबोटींत काही तास होते, पण जवळची जहाजं धावून आली आणि सगळे वाचले. २०१७ पासून ध्रुवीय समुद्रांतल्या जहाजांना पोलर कोड ही सुरक्षेची नियमावली लागू आहे. त्यामुळे जहाजाचा पोलर क्लास (किती बर्फ झेपतो त्याची श्रेणी) काय, डॉक्टर आहे का, हे विचारताना संकोच करू नका. विमा मात्र वैद्यकीय सुटकेचा हवा. तिथून आजारी माणसाला विमानाने आणायचं म्हणजे लाखो डॉलरचा मामला. साधा प्रवास विमा यात धरत नाहीत, आणि किती रकमेचा लागेल हे कंपनी सांगते.

पैशांचं थोडक्यात. कमी दिवसांच्या सफरीत तिघांच्या केबिनमधली खाट साधारण सहा-सात हजार डॉलरपासून मिळते, तीही शेवटच्या क्षणी उरली तर. दोघांच्या केबिनला जास्तच लागेल. विमानभाडं, उशुआयातलं हॉटेल, कयाकिंग वेगळं. पार्का (जाड थंडीचं जॅकेट) फुकट आणि बूट वापरायला देतात का, ते विचारा, म्हणजे इथे उगाच खरेदी होणार नाही. टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर कापला जातो, तो रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो, सीएशी बोलून ठेवा. अर्जेंटिनाच्या व्हिसावर किती वेळा प्रवेश हवा, हे कंपनीकडून लेखी घ्या, कारण तुम्ही देशाबाहेर जाऊन परत येणार. ब्वेनोस आयरेसला दोन विमानतळ आहेत. आंतरराष्ट्रीय विमान एझेझाला उतरतं आणि उशुआयाचं बऱ्याचदा एरोपार्केहून सुटतं. मध्ये सगळं शहर आहे, तेव्हा जोडविमान घट्ट धरू नका. उशुआयाला जहाज सुटायच्या निदान एक दिवस आधी पोचा. जहाज थांबत नाही.

थंडीची धास्ती घेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत तिथे पारा शून्याच्या अलीकडे-पलीकडे असतो. निफाडला जानेवारीत पहाटे पाच-सहा अंशांत द्राक्षबागेत उभं राहिला असाल तर अंदाज आहेच, फक्त वारा वेगळा. पिल्लं बघायची तर डिसेंबरअखेर ते जानेवारी, देवमासे हवेत तर फेब्रुवारी-मार्च, ताजा कोरा बर्फ हवा तर नोव्हेंबर.

जी गोष्ट कुणी सांगत नाही ती मी सांगते. किनाऱ्यावर शौचालय नाही. अडचण झाली तर बोटीने जहाजावर परत. खायलाही काही न्यायचं नाही, चिवडा केबिनमध्येच. रबरी बोटीत चढताना जहाजाच्या बाजूच्या जिन्यावरून उतरून, बोटचालकाचा हात कोपराखाली घट्ट धरून पाऊल टाकायचं असतं. गुडघ्यांना थोडी सवय हवी. आम्ही दोन महिने आधीपासून पांडवलेण्यांच्या पायऱ्या आठवड्यातून तीनदा चढलो-उतरलो. उतरण्याचाच सराव जास्त उपयोगी पडला.

राहिला वहिनींचा प्रश्न. चिलीतल्या पुंटा अरेनासहून किंग जॉर्ज बेटावर दोन तासांत विमानाने नेणाऱ्या कंपन्या आहेत, अंटार्क्टिका२१ ही त्यातली जुनी. ड्रेक टळतं, पण पैसे जास्त, आणि बेटावर धुकं असलं की विमान एक-दोन दिवस अडकतं. ज्यांना सुट्टी मोजकीच आहे त्यांनी तिकडे जपून जावं. माझ्या बहिणीलाही गाडी लागते. आम्ही जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवरची केबिन घेतली, तिथे हेलकावा सगळ्यात कमी बसतो, आणि ती स्वस्तही असते. डॉक्टरांना विचारून स्ट्युजेरॉन ही मळमळीची गोळी निघण्याआधीच सुरू केली. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. पहिला दिवस तिने झोपून, सुकी बिस्किटं आणि आलेपाक खात काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती उठून डेकवर आली आणि जहाजामागून पंख न हलवता तरंगत येणारा अल्बाट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी तासभर बघत राहिली. वहिनींना हे त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवू द्या. पण मळमळीच्या भीतीपायी ड्रेक टाळायचं असं आधीच ठरवू नका. चार कंपन्यांना आजच ईमेल करा: प्रवासी किती, लँडिंग किती, गाईड किती, सामान कसं तपासता. उत्तरं आली की इथेच खाली लिहा, आपण मिळून बघू.