तिचं धावणं बंद करण्याआधी

नमस्कार,

तुमचा प्रश्न असा आहे: पंधरा वर्षांची मुलगी 1500 मीटर धावते, पण एकट्याच्या खेळातून टीमवर्क येत नाही आणि पुढे नोकरीत तेच बघतात, तर तिला व्हॉलीबॉलला घालावं का? त्याकडे येतोच. पण मी अडलो ते पत्रातल्या दुसऱ्याच वाक्यापाशी. ‘पुढच्या महिन्यापासून तिचं ट्रॅकवर जाणं बंद करतोय. सहा महिन्यांत संघात आली नाही तर खेळच बंद.’ म्हणजे निर्णय झालाय, मुदतही ठरलीय. एवढ्या मोठ्या पत्रात तिचं स्वतःचं म्हणणं मात्र कुठेच नाही.

तिला विचारलंत का? तुम्ही तिला ‘एकलकोंडी’ म्हणता. मग तिला माणसांत आणायचं म्हणून तिच्या सरावाच्या मैत्रिणी, तिचे प्रशिक्षक आणि रोज हक्काने जायची जागा एका फटक्यात काढून घ्यायची? मला हे अजिबात पटत नाही. मिळून काम करायचं तर दुसऱ्याचं ऐकून घ्यावं लागतं, आपलं म्हणणं मांडावं लागतं, मग दोघांनी मिळून ठरवावं लागतं. तिच्याच आयुष्याबद्दल घरात असं काही झालेलं नाही. हे ती व्हॉलीबॉलच्या मैदानावर कसं शिकणार?

आता तो गैरसमज. धावपटू शर्यतीत एकटा असेल, तयारीत नसतो. 6 मे 1954 रोजी ऑक्सफर्डमध्ये रॉजर बॅनिस्टरने एक मैल 3 मिनिटं 59.4 सेकंदांत धावून चार मिनिटांची वेस ओलांडली. नाव त्याचं झालं. पण त्या शर्यतीत आधी ख्रिस ब्रॅशर आणि मग ख्रिस चॅटवे यांनी पुढे राहून त्याच्यासाठी वेग धरून दिला होता, आणि शेवटच्या फेरीत तो त्यांच्या पुढे निघाला. तिघांनी सरावही एकत्र केला होता. ब्रॅशर काही दुय्यम धावपटू नव्हता. 1956च्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीचं, सुवर्णपदक त्याने जिंकलं. स्वतः एवढं धावू शकणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या वेळेसाठी पळणं, याहून वेगळं टीमवर्क तुम्हाला हवंय का?

आणि तुमच्याच पत्रातली तक्रार पुन्हा वाचा: ‘शेवटच्या फेऱ्या ती स्वतःचा वेळ न बघता मागे पडणाऱ्या लहान मुलींबरोबर धावते, नुसता वेळ घालवते.’ अहो, ती त्या मुलींना वेग धरून देतेय. जे तिला येत नाही म्हणून तुम्ही खेळ बदलायला निघालात, ते ती कुणी न सांगता करतेय!

सांघिक खेळाचं मोल मी कमी करत नाही. व्हॉलीबॉलमध्ये एकाच खेळाडूला सलग दोनदा चेंडू मारता येत नाही, ब्लॉकचा, म्हणजे जाळ्यापाशी हात उंचावून चेंडू अडवण्याचा, अपवाद सोडला तर. तीन स्पर्शांत चेंडू पलीकडे जायलाच हवा. त्यामुळे हाक देणं, जागा सोडणं, दुसरीच्या चुकीनंतर लगेच सावरणं हे त्यात धावण्यापेक्षा जास्त आणि लवकर शिकता येतं. पण संघात नाव घातलं की ते आपोआप येतं असं नाही. फ्रेंच अभियंता रिंगलमान याने दोर ओढायला लावून माणसांची ताकद मोजली होती. 1913 साली ते प्रसिद्ध झालं. माणसं वाढत गेली तसा प्रत्येकाचा वाटा कमी होत गेला. थोडं ताळमेळ नसल्यामुळे, आणि पुढच्या प्रयोगांतून दिसलं की थोडं अंग राखल्यामुळेही. संघात अंग चोरायलाही शिकता येतं. बाकावर बसून दुसरीच्या चुकीची वाट बघायलाही शिकता येतं, विशेषतः सहा महिन्यांची टांगती तलवार डोक्यावर असेल तर. काय शिकायला मिळेल हे खेळाच्या नावापेक्षा प्रशिक्षकावर जास्त ठरतं.

बायोडाटाची काळजी सोडा. मुलाखतीत खेळ कोणता हे विचारून थांबत नाहीत. सोबतचा माणूस मागे पडला तेव्हा तुम्ही काय केलंत, हे विचारतात. तिच्याकडे त्याचं खरं उत्तर आहे.

सांघिक अनुभव हवाच असेल तर तो ट्रॅकवरही आहे. तिच्या प्रशिक्षकांना 4 बाय 400 मीटर रिलेबद्दल विचारा. क्रॉस-कंट्रीत, म्हणजे ट्रॅकबाहेर मोकळ्या रानातल्या लांब शर्यतीत, तर संघाच्या ठरावीक धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज करून निकाल लावतात, त्यामुळे मागून येणारीचा क्रमांकही मोजला जातो. व्हॉलीबॉल तिला स्वतःला आवडत असेल तर सुट्टीत खेळू दे, मुदतीशिवाय.

आधी ती सहा महिन्यांची अट मागे घ्या आणि तसं तिला स्पष्ट सांगा. मग तिला काय हवंय ते विचारा, आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नका. तिला वाटलं तर पुढचं पत्र तिने लिहावं, मी तिला वेगळं उत्तर देईन.