वाचकांचे प्रश्न : पाय फाटतात, टोक आत जात नाही

ओरिगामीवरच्या पत्रांतून या वेळी पाच निवडली आहेत. 'अमुक पायरी जमत नाही' अशी तक्रार बहुतेकांची आहे. मात्र वर्णन नीट वाचलं की दोष त्या पायरीत सापडत नाही. तो आठ-दहा पायऱ्या मागे असतो, नाहीतर कागदातच.

३२ घरांच्या ग्रिडवरचा (कागदाच्या बाजूचे ३२ सारखे भाग पाडून केलेला) भुंगा झेरॉक्सच्या कागदातून करतो. पाय बारीक करताना घडीवरच कागद फाटतो. ८० ऐवजी ७० जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम वजन) घेऊ का? (भुसावळ)

दहा जीएसएमने काही साधणार नाही, भाऊ. आधी हिशोब मांडा. ए४ मधून चौरस निघतो २१ सेंटीमीटरचा. त्याचं एक घर साडेसहा मिलिमीटरचं आणि पाय अरुंद करायला ते अर्ध्यात दुमडलं की सव्वातीन. तोवर पायात सोळा थर सहज जमतात. ८० जीएसएमचा एक थर साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे जाडी झाली १.६. सव्वातीन रुंद आणि दीड जाड असा तो पाय नव्हे, खुंटी झाली. सगळ्यात बाहेरच्या थराला या जाडीला वळसा घालावा लागतो, ताण त्याच्यावरच येतो आणि तो उलतो.

तेव्हा कागद पातळ हवा, मोठा हवा आणि त्याचा तंतू लांब हवा. खापरावरचा मांडा एवढा पातळ असून हातावर फाटत नाही, तो कणकेला तार असते म्हणून. कागदाचंही तसंच आहे. झेरॉक्सच्या कागदात आखूड तंतू आणि खडूसारखी भर असते, त्यामुळे उलटसुलट घडी दोन-तीनदा झाली की तो तुटायला लागतो.

स्टेशनरीच्या दुकानात काय मिळतं ते बघू. घोटीव कागदाचा रंग फक्त वरच्या लेपात असतो, घडीवर तो फुटून पांढरी रेघ दिसते, म्हणून अवघड मॉडेलला नको. वह्यांना घालायचा खाकी कागद चिवट असतो. ४० ते ६० जीएसएमचा, पातळ आणि आतून प्लास्टिक नसलेला मिळाला तर सरावाला त्याच्यासारखा स्वस्त आणि चांगला कागद नाही. ट्रेसिंग पेपरवर घडी सुरेख उठते, पण तीच घडी उलटवली की तडा जातो. बटर पेपर म्हणून जे विकतात त्यातला बेकरीचा प्रकार सिलिकॉनचा लेप दिलेला असतो, त्यावर ना घडी टिकते ना खळ. भेटवस्तूंचा टिश्यू साधारण १७ ते २० जीएसएमचा असतो. त्याचे दोन थर मेथिल सेल्युलोजने (पाण्यात कालवून खळ करायची पूड) जोडून ४० सेंटीमीटरचा चौरस घेतला तर घर साडेबारा मिलिमीटरचं होतं आणि तुमच्या भुंग्याला खरे पाय फुटतात.

झेरॉक्स कागद टाकून देऊ नका. घड्यांचा क्रम पाठ करायला तो उत्तम आहे.

दोन टिश्यू जोडताना फुगे येतात, कडा काचेवरून आपोआप सुटतात. मेथिल सेल्युलोज खराब आहे का? (जळगाव)

पत्रावरची तारीख मे महिन्यातली आहे, त्यातच उत्तर आलं. पारा ४४-४५ ला पोचलेला, वरून पंखा चालू. अशा वेळी कडा पाच मिनिटांत वाळून आकसतात आणि मधला भाग ओलाच राहतो. आकसलेली कड मधल्या ओल्या कागदाला ओढते, त्यातून चुण्या पडतात. काम रात्री जेवणानंतर किंवा पहाटे करा, पंखा बंद ठेवा. कूलरच्या झोतातही नको, त्या दमट वाऱ्याने एक बाजू ओली राहते.

प्रमाण असं : २०० मिलिलिटर पाण्याला एक सपाट चहाचा चमचा पूड. मेथिल सेल्युलोज गरम पाण्यात विरघळत नाही, फक्त सुटं होतं. विरघळतं ते थंड पाण्यात. म्हणून एक तृतीयांश पाणी चांगलं गरम करून त्यात पूड भुरभुरवत ढवळा, उरलेलं गार पाणी ओता आणि रात्रभर ठेवा. सकाळी ते पातळ खळीसारखं, गाठी नसलेलं दिसलं पाहिजे. मेथिल सेल्युलोज मिळत नसेल तर केकच्या सामानाच्या दुकानात टायलोज पावडर मागा. ती कार्बोक्सिमेथिल सेल्युलोज असते, कामाला चालते, मात्र तिला गरम पाण्याची गरज नाही.

स्वच्छ काचेवर पहिला टिश्यू कोरडाच पसरा. तीन इंची मऊ ब्रशने मधून कडेकडे खळ लावा. ब्रश घासायचा नाही, नुसता ओढायचा. दुसरा टिश्यू पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून एका कडेपासून उलगडत न्या आणि पुन्हा वरून ब्रश फिरवा. खळ कागदाच्या कडेबाहेर काचेवर दोन सेंटीमीटर गेलीच पाहिजे, तीच कडेला धरून ठेवते. पूर्ण वाळल्याशिवाय सोडवू नका, चौरस कापायचा तो नंतरच. गडद लाल आणि जांभळ्या टिश्यूचा रंग पाण्याने सुटतो, आधी कोपऱ्यावर ओलं बोट लावून पाहा.

ओपन सिंक येतं, क्लोज्ड सिंकला मात्र टोक आत जातच नाही. जोर लावला की शेंड्याला भोक पडतं. (धुळे)

सिंक म्हणजे टोक आत उलटवून बुडवणं. दोन्हींतला फरक आधी डोक्यात पक्का हवा, ताई. वॉटरबॉम्ब बेसचा (चौरस कर्णांवर आणि मधोमध दुमडून होणारा त्रिकोण) शेंडा घ्या. ओपन सिंक करताना कागद उघडतो तेव्हा मध्यबिंदूभोवती एक छोटा चौरस दिसतो. त्याच्या चारही बाजू डोंगरघडी (उंचवटा आपल्याकडे येणारी घडी, उलट ती दरीघडी) करायच्या आणि चौरसाच्या आतल्या घड्या उलटवायच्या, म्हणजे डोंगराची दरी आणि दरीचा डोंगर. कागद सपाट उघडता येतो म्हणून हे सोपं. क्लोज्ड सिंकमध्ये त्या चौरसाच्या काही बाजू डोंगर होतात, काही दरी, आणि थर एकमेकांत अडकलेलेच राहतात. तो सपाट उघडून करता येत नाही, म्हणून जोर लावायचा मोह होतो.

सिंकची रेघ शेंड्याच्या सगळ्या थरांतून पुढे आणि मागे, दोन्ही बाजूंनी नखाने कडक दाबून घ्या. ही रेघ कच्ची राहिली तर पुढचं काहीच जमणार नाही. मग खालून दोन थरांच्या मध्ये बोट घालून शेंडा शंकूसारखा फुगवा. चपट्या शेंड्यावर दाब दिला की तो आडवा मुडपतो, फुगलेला असला तर सरळ आत जातो. दाब द्यायला लोकरीच्या विणकामाची बोथट सुई किंवा टोपण लावलेलं पेन घ्या. टोक थेट आत ढकलण्याऐवजी रेघेलगतच्या बाजू थोड्याथोड्या, आळीपाळीने आत घ्या. अर्ध्याहून जास्त भाग वळला की उरलेलं टोक 'टक्' करून स्वतःच उलटतं. शेवटी आतले थर एकेक करून चिमट्याने सपाट करा. सगळे एकदम चेपले तर आत चुरगळा अडकतो आणि तो पुढे प्रत्येक घडीत नडतो.

भोक पडतं ते जोरामुळे, पण तेवढ्यामुळेच नाही. शेंड्याच्या बिंदूत सगळ्या घड्या येऊन मिळतात आणि तिथले तंतू आधीच्या पायऱ्यांतच तुटलेले असतात. सुरुवातीच्या घड्या घालताना मध्यबिंदूभोवतीचे दोन मिलिमीटर नखाने घासू नका, बोटाने हलकेच दाबा. कागदाच्या मागच्या बाजूने त्या बिंदूवर खळीचा एक थेंब लावून पूर्ण वाळू दिला तर आणखी बरं. थर बाराच्या वर गेले असतील तर हट्ट सोडा. मागच्या पायऱ्या उलगडून थर कमी असतानाच सिंक करा आणि पुन्हा दुमडत या. वेळ जास्त जातो, कागद मात्र वाचतो.

क्रीज पॅटर्नवरून (सगळ्या घड्यांच्या रेघांचा नकाशा) मॉडेल मिटवताना एका बिंदूपाशी सगळं अडतं. चूक माझी की आकृतीची, कसं ओळखावं? (अमळनेर)

त्या बिंदूला मिळणाऱ्या घड्या मोजा. कागदाच्या आतल्या बिंदूभोवती डोंगरघड्या आणि दरीघड्या यांच्या संख्येत बरोबर दोनचा फरक हवा. हा जपानी ओरिगामीकार माएकावाचा नियम. दुसरा जपानी गणिती कावासाकीचा : बिंदूभोवतीचे कोन एकाआड एक मिळवले की बेरीज १८० अंश यायला हवी. समजा कोन ४५, ६७.५, १३५ आणि ११२.५ आहेत. ४५ अधिक १३५ म्हणजे १८०, उरलेल्या दोघांचीही १८०. ठीक. एखादा नियम मोडत असेल तर तिथे कागद सपाट मिटणारच नाही. बहुतेक वेळा एखादी रेघ उतरवताना राहून गेलेली असते. दोन्ही नियम पाळले गेले तरी पूर्ण मॉडेल मिटेलच अशी हमी नाही, आणि कागदाच्या कडेवरच्या बिंदूंना ते लागू नाहीत.

दोन्ही बरोबर असूनही अडत असेल तर ग्रिड तपासा. ३२ भाग पाडताना थरांवर थर ठेवून अर्धं करत गेलात तर रेघा सरकतात. प्रत्येक रेघ एकाच थरात, कड आधीच्या रेघेला टेकवून घाला.

केळीच्या सोपटापासून घरी केलेला कागद ओरिगामीला चालेल का? (रावेर)

तंतू चांगला आहे. चहाच्या पिशव्यांचा कागद ज्या अबाकापासून होतो ती केळीच्याच कुळातली, आणि अवघड ओरिगामीसाठी हाताने होणाऱ्या कागदातही अबाका वापरतात. अडचण जाडीची आहे. घरी लगदा कमी कुटला जातो, त्यामुळे कागद जाड आणि गाठाळ होतो. शिजवताना सोडा वापरला असेल तर पाण्याचा बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत लगदा धुवा, नाहीतर कागद पिवळा पडून वर्षभरात तडकतो.

जाड कागद किड्यांना न वापरता ओल्या घडीला वापरा. ही रीत जपानी ओरिगामीकार अकिरा योशिझावा यांनी रुजवली. हत्ती, ससा, बदक अशी कमी घड्यांची मॉडेलं घ्या. ओला फडका घट्ट पिळून कागदावरून फिरवा. कागद मऊ झाला पाहिजे, चमकता कामा नये. चमकला तर पाणी जास्त झालं, दोन मिनिटं थांबा. लगद्यात खळ नसेल तर वाळल्यावर आकार टिकत नाही, म्हणून आधी कागदाला मेथिल सेल्युलोजचा एक हात देऊन वाळवून घ्या. वाकवलेला भाग वाळेपर्यंत कपड्यांच्या चिमट्याने धरून ठेवा, मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घालून, म्हणजे चिमट्याचे दात उमटत नाहीत.