पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेतल्या कॉलेजांत ‘खेळ की कवायत’ असा वाद झाला होता. चांगला खेळाडू आयताच सैनिक होतो, हा त्यातला दावा कितपत खरा ठरला?

खेळाडूपुरता काहीसा खरा, कॉलेजपुरता नाही. वादविवाद स्पर्धेची तयारी करत असाल तर हे दोन हिशेब आधी वेगळे करा.

येल विद्यापीठाचं ‘येल बोल’ मैदान नोव्हेंबर १९१४ मध्ये सुरू झालं तेव्हा तिथे सुमारे ७०,००० जणांची बसायची सोय होती. अमेरिकन फुटबॉलच्या पहिल्याच सामन्यात हार्वर्डने येलला ३६-० असं धुतलं. मैदानावर एका वेळी २२ जण, बाकीचे सगळे घसा फोडून ओरडणारे. फुटबॉलमुळे तरुण पिढी कणखर होते म्हणायचं, तर त्या ओरडणाऱ्यांचं काय? खेळाच्या बाजूने बोलणाऱ्यांची खरी अडचण ही होती.

कवायतवाल्यांकडे संघटना होती. अमेरिकी सैन्यातले जनरल लेनर्ड वुड यांनी १९१३ च्या उन्हाळ्यात गेटिसबर्ग आणि मॉन्टेरे इथे विद्यार्थ्यांची शिबिरं भरवली, तीही विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या खर्चाने. मे १९१५ मध्ये जर्मन पाणबुडीने लुसिटानिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवलं आणि प्लॅट्सबर्गच्या अशाच लष्करी शिबिरांना जोर चढला. जून १९१६ च्या कायद्याने आरओटीसी, म्हणजे कॉलेजांत राखीव लष्करी अधिकारी घडवणारी योजना, आली: पहिली दोन वर्षं आठवड्याला किमान ३ तास, पुढची दोन वर्षं किमान ५ तास, आणि एका तुकडीसाठी कॉलेजात निदान १०० धडधाकट मुलगे हवेत. विरोधात कोलंबिया विद्यापीठातून लष्करशाहीविरोधी विद्यार्थी संघटना उभी राहिली. पण माझ्या मते सगळ्यात भक्कम हरकत व्यायामशास्त्राची होती. हार्वर्डचे व्यायामशिक्षक डडली सार्जंट कित्येक वर्षं सांगत होते की कवायतीत ठरावीकच स्नायू वापरले जातात, सगळ्या शरीराला व्यायाम होत नाही. नुसत्या सावधान-विश्रामने अंग कमावलं जात नाही, हे एनसीसीच्या कोणत्याही कॅडेटला पटेल.

आता खेळातलं सैन्यात काय उपयोगी पडतं ते पाहू. फुटबॉलचा सामना १५ मिनिटांच्या चार डावांचा. दर झटापटीनंतर दम घ्यायला सवड. रूट मार्चचं, म्हणजे सैन्याच्या लांब पायी कूचाचं, गणितच निराळं. अमेरिकी पायदळाची चाल मिनिटाला १२० पावलं, पाऊल ३० इंचांचं. तासाला १० मिनिटं थांबा धरला तरी सुमारे साडेचार किलोमीटर होतात, पाठीवर ओझं आणि हातात जवळपास ४ किलोची रायफल घेऊन. इथे धावण्याच्या वेगाला किंमत नाही. आधी पाय जातात. नवे बूट, ओले मोजे, टाचेला फोड, आणि एरवी दणकट असलेला गडी मागे पडतो.

हातबॉम्बचंही तसंच. बेसबॉल जेमतेम १४५ ग्रॅमचा, हातबॉम्ब त्याच्या चौपट. बेसबॉलसारखा कोपरातून झटका देऊन फेकला की खांदा-कोपर दुखावतं. म्हणून हात ताठ ठेवून डोक्यावरून, साधारण क्रिकेटच्या गोलंदाजासारखा, फेकायला शिकवत. बॉक्सिंग मात्र छावण्यांत मुद्दाम ठेवलं होतं, कारण त्यातली पावलांची हालचाल आणि अंतराचा अंदाज संगिनीच्या लढतीत कामी येतो.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. त्या मोसमात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांनी नेहमीचा फुटबॉल बंद ठेवला. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचं मत मात्र कॉलेजांनी खेळ थांबवू नयेत असं होतं. लष्करानेच आपल्या छावण्यांत खेळ सुरू केले. १ जानेवारी १९१८ चा रोझ बोल हा फुटबॉल सामना मेअर आयलंड तळाचे मरीन (नौदलासोबत लढणारे सैनिक) आणि कॅम्प लुईस छावणीचे सैनिक यांच्यात झाला. मरीननी तो १९-७ असा जिंकला. कॉलेजांनी मैदानं ओस पाडली आणि फौजेने भरली, यातली गंमत वादात जरूर वापरा.

कवायतवाल्यांना पूर्ण संधी मिळाली ती १ ऑक्टोबर १९१८ ला. विद्यार्थी सैन्य प्रशिक्षण दल (एसएटीसी) या योजनेखाली ५०० हून अधिक कॉलेजांत विद्यार्थी थेट सैन्यात भरती झाले, महिना ३० डॉलर पगार. आठवड्याला ११ तास लष्करी काम, शिवाय वर्ग आणि अभ्यास. पहारा आणि इतर लष्करी कामांमुळे वर्ग बुडाले, त्यात फ्लूची साथ. ११ नोव्हेंबरला युद्ध संपलं आणि डिसेंबरात योजना गुंडाळली. म्हणजे अपयश सिद्ध झालं असंही म्हणता येत नाही, तिला वेळच मिळाला नाही. प्रतिपक्ष ही योजना पुरावा म्हणून पुढे करील, तेव्हा हे उत्तर हाताशी ठेवा.

भारतातलं उदाहरण हवं असेल तर १९६३ ला सक्तीची झालेली आणि १९६८ ला ऐच्छिक झालेली एनसीसी घ्या. पण तिथे १९६२ च्या युद्धाचा संदर्भ वेगळा आहे, तो न सांगता तुलना केलीत तर परीक्षक लगेच पकडतील.